नाशकात रूप पालटणारे राहत असतील, तर ते कुठे राहतील?

गोदाकाठचा | शनिवार, रात्री ११.१०

मे महिन्यात स्कूटर घसरली आणि दीड महिना पाय प्लास्टरमध्ये होता. तेवढ्यात भाच्याने किंडलवर भरून दिलेली एक लांबलचक इंग्रजी मालिका वाचून संपवली. अर्बन फँटसी म्हणतात त्या प्रकारातली. नाव मुद्दाम देत नाही, दिलं की पहिल्या तीन प्रतिसादांतच 'त्यापेक्षा ही वाचा' सुरू होतं.

साचा बहुतेकांच्या ओळखीचा असेल. शहर नेहमीचं, ट्रॅफिक, घरभाडं, कुरियर सगळं जागच्या जागी. फक्त पलीकडच्या गल्लीतले लोक रात्री लांडगे नाहीतर अस्वलं होतात, एखाद्या मुलीला पुढचं दिसतं आणि त्याची किंमत तिला मोजावी लागते, आणि माणसं व 'ते' यांच्यात एक समझोता झालेला असतो. तो दोन्ही बाजूंनी रोज थोडा थोडा कुरतडला जातो. मला मारामाऱ्यांपेक्षा तो समझोताच जास्त आवडला. कोणी कोणाच्या दुकानात जायचं, पोलिसांनी कुठल्या फाटकाशी थांबायचं, असल्या बारीकसारीक गोष्टी.

मग हात शिवशिवले. मराठीत, नाशकात घडणारी अशी मालिका लिहायची म्हणून दोन प्रकरणं उतरवली. नायक बिबट्या होणारा. कॉलेज रोडला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो, आयटीत आहे (नाशकात आयटीतली नोकरी, हीच त्यातली सगळ्यात मोठी फँटसी). नायिकेला भविष्य दिसतं, ती कॅफे चालवते. बायकोला वाचायला दिलं. तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला, ही आमच्याकडे वाईट खूण, आणि म्हणाली, "हे सगळं तिकडचंच आहे. तू फक्त सिटी बसच्या पाट्या बदलल्यास."

मागच्या रविवारी सहा वर्षांच्या पुतणीला घेऊन तपोवनात गेलो होतो. लक्ष्मण शूर्पणखेचं नाक कापतोय असा भडक रंगवलेला पुतळा तिथे आहे, नाशिककरांना माहीत असेलच. पोरगी बराच वेळ बघत उभी. मग विचारते, "काका, तिला पाहिजे ते होता यायचं ना? मग तिने नवीन नाक का नाही आणलं?"

मला उत्तर आलं नाही. रिक्षात बसल्यावर डोक्यात उजेड पडला. ज्या शहराचं नाव एका रूप पालटणारीच्या कापलेल्या नाकावरून पडलं असं आपण पाहुण्यांना हौसेनं सांगतो, त्या शहरात मी लांडगे आयात करतोय! मारीच सोन्याचं हरीण झाला तो इथेच. रावण भिक्षेकरी होऊन उभा राहिला तोही इथल्याच पर्णकुटीच्या दारात. एकट्या पंचवटीच्या नावावर रूप पालटणारे तिघे, आणि तिन्ही वेळा शेवट वाईट.

तर मंडळी, मदत करा. नाशकात असे लोक असतील तर कुठे राहतील, माणसांकडून त्यांना काय हवं असेल, आणि पुढचं दिसणारी बाई आपल्याकडे कोण असेल? कॅफेवाली नक्कीच नसेल, हे कळलंय.

शंकासुर | शनिवार, रात्री ११.५२

धागा छान, तपशील ढिले.

वाल्मीकींच्या अरण्यकांडात शूर्पणखा सुंदर बाई बनून येतच नाही. ती आहे तशीच येते, आणि आपण कामरूपिणी आहोत, म्हणजे हवं ते रूप घेऊ शकतो, हे स्वतःच्या तोंडाने सांगते. नटूनथटून, मोहक रूप घेऊन येते ती कंबनाच्या तमिळ रामायणात आणि तुलसीदासांकडे. आपल्या डोक्यातली शूर्पणखा बहुतेक कीर्तनातून आणि टीव्हीवरून आलेली आहे.

आणि नावाचं म्हणाल तर नऊ टेकड्यांवर वसलं म्हणून नाशिक, अशीही एक व्युत्पत्ती सांगतात. नदीकाठची जुनी गढी त्यातलीच. १९५०-५१ साली तिथे उत्खननही झालं होतं. पण टेकड्यांवरून कादंबरी होत नाही, त्यामुळे तुमचं नाक चालू द्या.

गोदाकाठचा | रविवार, सकाळी ७.३५

शंकासुर, तुम्ही खोड काढायला आलात आणि गोष्टीचा कणा देऊन गेलात. ती स्वतःच्या रूपात, काही न लपवता, आपण कोण ते सांगून समोर आली आणि तेव्हाच नाक गेलं. पुतणीला उत्तर मिळालं! उसन्या रूपात झालेली जखम रूपाबरोबर जाते, स्वतःच्या रूपात झालेली कुठल्याच रूपात भरत नाही. माझ्या गोष्टीतला पहिला नियम हाच. म्हणून इथले रूपपालटे खरं रूप कुणाला दाखवत नाहीत. पिढ्यानपिढ्या घरात ताकीद: ओळख सांगायची नाही.

दिवेलागण | रविवार, सकाळी ९.०५

'रूपपालटे' कानाला कसंसंच लागतं हो, केस पांढरे झाल्यासारखं. मराठीत शब्द पडलेत की. मायावी आहे, पण त्याला राक्षसाचा वास येतो. सोंग आहे. आणि बहुरूपी आहे!

आमच्या लहानपणी रविवार पेठेत बहुरूपी यायचा, पोलीस होऊन. खाकी कपडे, छडी, खिशाला शिट्टी. दारात उभा राहून खड्या आवाजात आईला म्हणायचा, तुमच्या नावाचं वॉरंट आहे, चला लग्नाला! मग यमक जुळवत काहीच्या काही वऱ्हाड सांगायचा. आई हसत हसत आत जाऊन आठ आणे आणायची. पण मला आठवतं ते वेगळंच. एकदा दुपारी मी शाळेतून येताना तो आमच्या गल्लीच्या तोंडाशी पायरीवर बसून शिदोरी खात होता. टोपी मांडीवर, मिशी बाजूला कागदावर काढून ठेवलेली. माझ्याकडे बघून तो ओशाळला आणि मी पळाले. पोलिसाच्या वेषात त्याची कधी भीती वाटली नव्हती, मिशी काढलेली पाहिली तेव्हा वाटली.

तुमच्या पहिल्या नियमाला हे जुळतंय का बघा.

खव्वय्या | रविवार, सकाळी ९.२०

ते बाकी सगळं ठीक, पण यांना मिसळ कुठली आवडते? नाशिकचे असतील तर माणसांशी पहिली दंगल त्यावरूनच होणार.

उसातला | रविवार, दुपारी २.१५

दादा, मी लेखक वगैरे नाही, निफाड तालुक्यात शेती आहे. तुमचा बिबट्या कॉलेज रोडला राहतो हे वाचून हसू आलं. तो उसात राहील.

आमची वस्ती गावापासून दीड किलोमीटर, मळ्यात. एका अंगाला द्राक्षबाग, दुसऱ्या अंगाला ऊस. ऊस एकदा डोक्याच्या वर गेला की आत काय चाललंय ते मालकालाही माहीत नसतं. आत सावली, आत पाणी, कुत्री-डुकरं सगळी आत. त्याला आणखी काय पाहिजे? आम्ही त्याला वाघच म्हणतो. बिबट्या पेपरात.

मागच्या गळिताला तोडणी चालू असताना सरीत तीन पिल्लं सापडली. मांजरीच्या पिलाएवढी, डोळे मिटलेले. टोळीतल्या बाया कोयते घेऊन तशाच मागं सरल्या. वनखात्याची माणसं आली. आपण टमाटे भरतो त्याच प्लास्टिकच्या क्रेटमध्ये त्यांनी पिल्लं ठेवली आणि दिवस मावळताना क्रेट परत त्याच जागी नेऊन ठेवलं. कॅमेरा लावला, सगळ्यांना लांब केलं. रात्री ती आली. एकेक पिल्लू तोंडात धरून नेलं. सकाळी क्रेट रिकामं, तळाला नुसतं पाचट. दोन दिवस त्या तुकड्यात तोडणी बंद ठेवली होती आणि मुकादम माझ्या नावानं बोंबलत होता. तुम्ही समझोता म्हणता तो हा. कुठं सही नाही का शिक्का नाही.

पण हे गोड मानून घेऊ नका. चुलत्याच्या गोठ्यातून दोन वासरं गेलीत. तिन्हीसांजेला पोरं अंगणात एकटी सोडत नाही. घरातली बाई बाहेर भांडी घासायला वाकली की कुणीतरी शेजारी उभं राहतं, कारण वाकलेलं माणूस त्याला जनावरावाणी दिसतं. आमचं त्याच्यावर प्रेम नाही आणि वैरही नाही. तो आहे, असं धरून चालतो.

आता खरी कळ कुठं आहे ते सांगतो. थ्री फेजची लाईट आठवड्यात काही दिवस रात्रीची असते. पाणी भरायचं तर रात्री बाराला बॅटरी घेऊन मळ्यात जावं लागतं. तो पण तेव्हाच निघतो. त्याची आणि आमची वेळ एक करून ठेवली कुणी? तुमच्या गोष्टीत हे घाला. नाहीतर वाघ वाईट का माणूस वाईट एवढ्यातच सगळं संपतं.

दिवेलागण | रविवार, दुपारी ३.००

उसातला यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. मांजरीच्या पिलाएवढी आणि टमाट्याचं क्रेट.

रानजाई | रविवार, रात्री ८.४०

उसातला दादा, अगदी खरं. मी त्र्यंबकच्या पुढे एका पाड्यावर शिक्षिका आहे. तुम्ही 'तो आहे असं धरून चालतो' म्हणालात, त्याचा आमच्याकडे वर्षातून एक दिवस चक्क सण असतो.

शहरात वसुबारस असते त्याच दिवशी आमच्याकडे वाघबारस. वाघदेवाच्या ठाण्याशी सगळे जमतात. शेंदूर लावलेलं लाकूड नाहीतर दगड, त्यावर वाघ, नाग, चंद्र, सूर्य कोरलेले. नारळ, नैवेद्य होतो. मग गुराख्यांच्या पोरांतलाच एक वाघ होतो, एक अस्वल, एखादा कोल्हा. बाकीची पोरं त्यांच्या मागे लागून विचारतात, आमच्या शिवारात येशील का? आणि तो वाघ झालेला पोरगा 'नाही, नाही' ओरडत पळतो.

पहिल्या वर्षी मी हे पाहिलं तेव्हा मौज वाटली. दुसऱ्या वर्षी वाघ झाला होता तो माझ्याच वर्गातला, चौथीतला. सकाळी पाढे म्हणताना अडखळणारा. तो पळाला, पण वळणावर थांबून मागे बघत राहिला. सगळे हसत होते, हा हसत नव्हता. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, का रे थांबलास? म्हणाला, बाई, मी 'नाही' म्हटलं, पण तो येतोच ना.

तुमच्या इंग्रजी मालिकेतला लेखी करार आणि हे, यातला फरक तुम्हीच बघा. इथे दर वर्षी तोच प्रश्न विचारतात, तेच खोटं उत्तर मिळतं, आणि दोन्ही बाजूंना ते खोटं आहे हे ठाऊक असतं. तरी विचारायचं चुकवत नाहीत.

आणखी एक. तुमच्या गोष्टीत कुणीतरी पुढारी उठून 'यांना शहरातून उचलून जंगलात सोडा' म्हणणारच. तो प्रयोग खऱ्या बिबट्यांवर होऊन गेलाय. जुन्नर भागात बिबटे पकडून दुसरीकडे सोडायला लागल्यावर माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चार होते ते सतरावर गेले, असं वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात आहे. अनोळखी जागी टाकलेलं जनावर बिथरतं. त्यांनीच पुढे अकोल्याच्या शेतीभागात कॅमेरे लावले. २०१३ च्या त्या अभ्यासात दर शंभर चौरस किलोमीटरला साधारण पाच मोठे बिबटे निघाले, आणि जवळजवळ तेवढेच तरस. जंगल नाही, ऊस आणि वस्त्या. नगर जिल्ह्यातलं अकोले बरं का, विदर्भातलं अकोला नव्हे. लोक नेहमी घोळ घालतात.

शंकासुर | रविवार, रात्री ९.१५

'खोटं उत्तर ठाऊक असून विचारतात' हे पटलं नाही. विधी म्हणजे करार नव्हे. पण ललित लेखनाला चालून जाईल.

तरसांकडे मात्र कुणाचं लक्ष नाही. बिबट्या देखणा, म्हणून सगळ्या कादंबऱ्या त्याच्यावर. तेवढेच तरस आसपास असतील तर एखादं पात्र तरसाचं करा. मेलेलं खातो, घाण आवरतो, कुणाला नको असतो.

गोदाकाठचा | रविवार, रात्री १०.३०

रानजाई ताई, त्या चौथीतल्या पोराला माझा नमस्कार सांगा. तरसाचंही पक्कं: आपल्या द्वारका चौकाजवळ भंगारचं दुकान, मालक तरस.

एक प्रसंग डोक्यात घोळतोय, मत सांगा. बहुरूपी (शब्द घेतला, दिवेलागण) समाज उघडपणे बाहेर येतो आणि काळाराम मंदिराच्या दरवाजाशी आत जाण्याचा हक्क मागत बसतो. १९३० च्या दलितांच्या मंदिरप्रवेश सत्याग्रहाची सावली त्यावर पडेल. नाशिकच्या वाचकाला ती लगेच ओळखू येईल.

सातपूर लोकल | रविवार, रात्री ११.४५

नको.

एवढंच लिहून थांबणार होतो, पण कारण सांगितलं पाहिजे. २ मार्च १९३० ला तिथे जी उभी होती ती माणसं होती, आणि सगळा सत्याग्रह तेवढंच सांगण्यासाठी होता. माझी पणजी त्यात होती असं घरात सांगतात. तिचा फोटोही नाही आमच्याकडे. पाच वर्षं हा लढा चालला आणि दार उघडलं नाही. मग १९३५ च्या ऑक्टोबरात बाबासाहेबांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली. हे सगळं याच जिल्ह्यातलं आहे.

या प्रकारच्या कथांची ही जुनी खोड आहे. ज्यांना बाहेर ठेवलं त्यांचं रूपक म्हणून दात-नख्यांवाले आणायचे. वाचक आधी हळहळतो, आणि मग मनातल्या मनात म्हणतो की घाबरणाऱ्यांचंही अगदीच चूक नव्हतं. तुमचा बिबट्या खरंच माणूस मारू शकतो ना? आमच्या लोकांपासून कुणाला काय धोका होता? नदीचं तेच पाणी आमच्या ओंजळीत गेलं असतं.

बिबट्या बिबट्याच राहू द्या. रूपकाचं ओझं त्याच्यावर नको आणि आमच्यावरही नको.

गोदाकाठचा | सोमवार, सकाळी ६.५०

सातपूर लोकल, रात्रीच वाचलं होतं. उत्तर सकाळी देतोय, कारण रात्री मी स्वतःची बाजू मांडत बसलो असतो. प्रसंग काढला. तुमच्या पणजींबद्दल कधी लिहाल तर वाचायला आवडेल, पण ते माझ्या धाग्याखाली नको, तुमच्या स्वतःच्या धाग्यात.

वकीलसाहेब | सोमवार, सकाळी ११.००

कोर्टात तारीख पडली, मोकळा आहे, म्हणून दोन कायदेशीर मुद्दे.

बिबट्याच्या रूपात मारला तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा, पहिली अनुसूची. माणसाच्या रूपात मारला तर खून. अर्ध्यात मारला तर पंचनामा कुणी करायचा यावरून वनपाल आणि पोलीस प्रेताच्या दोन बाजूंना उभे राहून भांडणार, आणि माझी पुढची पाच वर्षं सुखात जाणार.

भविष्य सांगणाऱ्या बाईंना २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा लागू शकतो. चमत्काराचा देखावा करून पैसे उकळल्याचा आरोप ठेवायचा. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. पण गंमत अशी की एखादीला डाकीण ठरवून छळणं हाही याच कायद्याखाली गुन्हा आहे. म्हणजे पहिल्या भागात त्यांना याच कायद्याखाली पकडा आणि दुसऱ्या भागात त्याच कायद्याने सोडवा. फी नाही, पुस्तकात आभार चालतील.

पिंगळवेळ | सोमवार, रात्री १०.२०

दोन दिवस वाचतोय. सदस्य होऊन चार वर्षं झाली, पहिल्यांदाच लिहितोय.

माझे आजोबा पिंगळा मागायचे. वासुदेव सगळ्यांना माहीत असतो, मोरपिसांच्या टोपीमुळे. पिंगळा त्याच्याही आधी येतो, पहाटेच्या अंधारात. खांद्यावर घोंगडी, एका हातात कंदील, दुसऱ्यात कुडमुडं, म्हणजे छोटं डमरू. पिंगळा म्हणजे ते ठिपकेवालं छोटं घुबड. त्याची बोली आम्हाला कळते अशी समजूत. तो रात्रभर झाडावर बसून गावाचं पुढचं बघतो आणि पहाटे आम्हाला सांगतो. (रान पिंगळा नावाचा त्याचा एक दुर्मिळ भाऊबंद आहे. १८८४ नंतर कुणाला दिसला नव्हता, नामशेष धरला होता. १९९७ मध्ये शहाद्याजवळ सापडला. एकशे तेरा वर्षं तो तिथेच होता, बघणारे नव्हते.)

आजोबांना मी एकदा विचारलं, तुम्हाला खरंच दिसतं का? ते म्हणाले, पहाटे चारला गाव उघडं असतं. कुणाच्या खिडकीत दिवा जळतोय, म्हणजे घरात दुखणं आहे. कुणाच्या गोठ्यात काल बैल होता आणि आज नुसता खुंटा आहे, म्हणजे कर्ज. कुणाच्या पडवीत सून बाहेर बसली आहे. दिवसा ही माणसं तोंडावर कापड ओढतात, पहाटे ओढायचं राहून जातं. मी ते बघतो आणि पाखराचं नाव सांगतो.

मग मी विचारलं, वाईट दिसलं तर सांगता का? म्हणाले, सांगत नाही. त्या घरी जास्त वेळ थांबतो. कुडमुडं वाजवत राहतो. त्यांना वाटतं, म्हातारा जास्त दाणे मागतोय.

कुणीतरी वर लिहिलंय, पुढचं दिसणारीला किंमत मोजावी लागते. आमची किंमत ही की शाळेत एका गुरुजींनी मला फळ्यापुढे उभं करून सांगितलं होतं, हा पिंगळ्याचा पोरगा, सांग रे, उद्या तपासणीला साहेब येणार का? वर्ग हसला. मी 'येणार' म्हणालो, कारण आदल्या संध्याकाळी शिपाई पायऱ्या धूत होता. साहेब आले. त्यानंतर माझ्याशी कुणी गोट्या खेळलं नाही, हरशील म्हणून नाही, आधीच सांगशील म्हणून.

गोदाकाठचा, तुमच्या बाईला झटके आणि डोळे पांढरे करू नका एवढीच विनंती. तिला पहाटे जागी ठेवा, बास.

दिवेलागण | सोमवार, रात्री १०.४५

पिंगळवेळ, चार वर्षं का गप्प होतात?

रानजाई | मंगळवार, सकाळी ६.१०

'त्या घरी जास्त वेळ थांबतो.' आज पहिल्या तासाला मुलांना हे सांगणार आहे. नाव घेत नाही तुमचं.

खव्वय्या | मंगळवार, सकाळी ९.४०

मिसळीचा विनोद मागे घेतो. (पण प्रश्न उरतोच.) आणि सिंहस्थ येतोय, तेव्हा एखादा भाग त्या गर्दीत ठेवा. गुरू सिंहेला गेला की इतक्या लोकांत कोण माणूस आणि कोण सिंह, रामकुंडावर मोजणार कोण?

शंकासुर | मंगळवार, सकाळी १०.०५

सिंहस्थातला सिंह म्हणजे रास. पण हे असू द्या, चांगलं आहे.

गोदाकाठचा | गुरुवार, रात्री ११.३०

दोन्ही जुनी प्रकरणं फेकली. कॅफे गेला, आयटी गेली. बायकोने नवीन पान वाचलं आणि चष्मा काढला नाही. पहिला तुकडा खाली देतोय. पिंगळवेळ, आजोबांचं वाक्य वापरलेलं नाही, ते तुमचं आहे. पण तुम्ही आणि उसातला, दोघांमुळे ही बाई सापडली.

"बाराला दहा कमी होते. उपकेंद्रात ती एकटीच होती. पंखा बंद केला की ट्रान्सफॉर्मरची गुणगुण ऐकू यायची आणि त्या गुणगुणीत कधीकधी मळे दिसायचे. आज दिसला तो ओढ्याकाठचा. मोटरीच्या पेटीशी वाकलेला माणूस, तोंडात बॅटरी धरलेली. त्याच्या मागे सहा पावलांवर उसाची एकच कड हलत होती, वारा नसताना. माणूस कोण ते तिला कळलं नाही. उसातली कोण ते कळलं. शाळेत दोघी एका बाकावर बसायच्या.

बारा वाजले. फिडर चालू करायची वेळ झाली. तिने हात मांडीवर ठेवला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. तिकडे लाईट आली नाही म्हणून माणूस शिवी हासडून पेटीपासून सरळ उभा राहील. उभं माणूस वेगळं दिसतं. दहा मिनिटं. तेवढंच तिच्या हातात होतं. वहीत तिने कारणाच्या रकान्यात लिहिलं, फॉल्ट. या महिन्यातला सातवा."

बाक शेअर केलेल्या दोघींपैकी एक उसात, एक उपकेंद्रात. समझोता त्या दोघींमधला. पुढे काय होतं ते मला अजून दिसलेलं नाही.

पिंगळवेळ | गुरुवार, रात्री ११.४८

सातव्या फॉल्टनंतर तिला साहेब बोलावणार. ते मला आत्ताच दिसतंय.

वकीलसाहेब | गुरुवार, रात्री ११.५०

आणि मी तिथे हजर असेन.

उसातला | शुक्रवार, रात्री १२.०४

दादा, वाचलं. वाकलेलं आणि उभं, बरोबर धरलंत. पण बॅटरी तोंडात धरत नाही हो, कपाळाला बांधायची मिळते आता, दोन्ही हात मोकळे राहतात. आणि दहा मिनिटांत काही होत नाही. माणूस बांधावर बसून तंबाखू मळतो आणि वाट बघतो, जात नाही. अर्धा तास तरी द्या. लाईट उशिरा आली की आम्ही उपकेंद्रावर फोन करून त्या ऑपरेटरला काय काय बोलतो तेही लिहा, पाच-सात फोन तर असतातच. मीच मागच्या आठवड्यात बोललो होतो.

बाकीचं उद्या लिहितो. आली लाईट.